लेडीज टेलरचा डावा डोळा

एकतीस वर्षं मी लोकांना एक डोळा झाकायला लावला आणि सरकारनं मला त्याचा पगार दिला. नोकरीचं नाव भारदस्त होतं, नेत्र चिकित्सा अधिकारी. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी खुर्ची झिजवली, तिथं या नावानं मला एकाही पेशंटनं हाक मारली नाही. कोणी ‘चष्म्याच्या बाई’ म्हणायचं, कोणी ‘डोळेवाल्या म्याडम’. फुलसावंगीकडच्या एका आजोबांनी तर भर शिबिरात ‘थे टॉर्चवाली कुठी गेली?’ अशी चौकशी केली होती. मी डॉक्टर नव्हते आणि कंपाउंडरही नव्हते. मोतीबिंदूचे पेशंट गावोगाव हुडकायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, शाळेतली पोरं तपासायची, ड्रायव्हर लोकांना दाखले द्यायचे आणि ऑपरेशन करायला मोठे डॉक्टर आले की त्यांच्यामागे ट्रे घेऊन उभं राहायचं, हे माझं काम.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, “बाई, काहीतरी प्रेरणादायी लिहा.” माझ्याकडे प्रेरणादायी काही नाही. माझ्याकडे एक चूक आहे, चांगली ठसठशीत, सही-शिक्क्यासकट केलेली. तीच लिहिते.

आधी तक्त्याचं सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर, खाली बारीक. माणूस वीस फुटांवर बसवायचा, एक डोळा झाकायला लावायचा, वाचून घ्यायचं. मग दुसरा झाकायचा, पुन्हा वाचून घ्यायचं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचला की सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर पक्की. सोपं वाटतं ना? करून बघा. राजूरच्या खाणीतला एक गडी आला, त्यानं रांगेत उभ्या उभ्या पुढच्या माणसाचं ऐकून सगळा तक्ता पाठ केलेला. मला संशय आला म्हणून मी तक्ता उलटा टांगला, तरी त्यानं पहिल्यासारखाच वरून खाली धडाधडा म्हणून दाखवला. एका म्हातारीला म्हटलं, “आजी, एक डोळा झाका.” ती उठली, दोन पावलं पुढं आली आणि तिनं माझाच डोळा झाकला. बोटांच्या फटीतून बघणारे तर रोजचे दहा. मी त्यांच्या हातावर चापट मारायचे आणि ते ओशाळून हसायचे.

आता डोक्याला मार लागलेले पेशंट. आमच्याकडे त्यांना तोटा नाही. मोटारसायकल आहे, हेल्मेट आहे, पण हेल्मेट घरी खुंटीला असतं. रस्त्यावर कधी कुत्रं आडवं येतं, कधी रोही आडवा जातो. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, कपाशीतून निघतं आणि सरळ तुमच्या हँडलवर. पोळ्याच्या दिवशी बैलानं शिंग उडवलेलेही येतात. त्यातल्या गंभीर माणसांना थेट मोठ्या दवाखान्यात नेतात. बाकीच्यांच्या दुखापतीला आपल्याकडे ‘मुका मार’ म्हणतात. दोन मिनिटं बेशुद्ध, तीन टाके, डोक्याचा स्कॅन नॉर्मल, घरी जा. अशा माणसांना मग पंधरा दिवसांनी त्रास सुरू होतो. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, वाचताना अक्षरं हलतात, बाजारात गेलं की गरगरतं. स्कॅनमध्ये काही नाही म्हणून घरचे म्हणतात, नाटक करतो. डॉक्टर खबरदारी म्हणून कागदावर लिहितात, ‘डोळे तपासा’. तो कागद घेऊन ती माणसं माझ्याकडे यायची. मी तक्त्यासमोर बसवायचे, उजवा झाका, डावा झाका, सिक्स बाय सिक्स, आणि केसपेपरवर लिहायचे ‘डोळे नॉर्मल’. वर शिक्का. मला त्या दोन शब्दांचा फार तोरा होता.

गजाननभाऊ असेच आले.

गजाननभाऊ म्हणजे कळंबच्या अलीकडच्या एका गावचे लेडीज टेलर. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाया हा अंक वाचतात आणि मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं. फाट्यावर त्यांचं दुकान. ब्लाउज शिवावं तर त्यांनीच, अशी ख्याती होती. तालुक्याच्या बायकासुद्धा बस पकडून जायच्या, मीही जायचे. माणूस असा लाजरा की माप घेताना नजर टेपवरच्या आकड्यावर. हात लावणार नाही, फक्त टेपचं टोक टेकवणार, आकडा मोठ्यानं बोलणार, आणि पडद्याआड बसलेली त्यांची बायको, पुष्पाताई, तो वहीत लिहिणार. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितल्याचं आठवत नाही. आयाबाया लग्न ठरलेल्या पोरीला त्यांच्याकडे एकटीला पाठवायच्या, इतका तो माणूस खात्रीचा होता. आणि लेडीज टेलरचं सगळं दुकान या खात्रीवरच चालतं, शिलाईवर नंतर.

यवतमाळहून अस्तराचं कापड घेऊन येताना त्यांच्या गाडीला रोही आडवा गेला. दोन मिनिटं बेशुद्ध, तीन टाके, स्कॅन नॉर्मल. महिनाभरानं माझ्या खोलीत येऊन बसले.

“काय त्रास आहे, गजाननभाऊ?”

“म्याडम, सुई दोन दिसते. दोरा ओवाले गेलो का चुकीच्या सुईत ओवतो.”

“चुकीच्या म्हणजे?”

“जे नाहीच हाय, तिच्यात.”

मी हसले. ते हसले नाहीत. मी तक्त्यासमोर बसवलं. उजवा झाका. शेवटच्या ओळीपर्यंत न चुकता वाचलं. डावा झाका. तेच. हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं, एकेका डोळ्यानं तेही खणखणीत वाचलं.

“आता दोन दोन दिसतं का?”

“आता नाही जी. आता एकच दिसते.”

“मग झालं तर!”

बाहेर चाळीसेक माणसं रांगेत, त्यात शिबिराची यादी पाठवायची होती. मी लिहिलं ‘डोळे नॉर्मल’ आणि शिक्का मारला. कागद देण्यासाठी टेबलावर वाकले, तेही वाकले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे डावा डोळा मिटला. “थँक्यू म्याडम,” म्हणाले आणि गेले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझं वय तेव्हा पंचावन्न, वजन विचारू नका, आणि हा माणूस, ज्यानं वीस वर्षं मान वर केली नाही, तो सरकारी दवाखान्यात मला डोळा मारून जातो? मी तावातावानं बाहेर आले आणि ड्रेसिंगच्या सिस्टरला सांगितलं, “अगं, तो गजानन टेलर मला डोळा मारून गेला!” सिस्टर खो-खो हसली. ती त्याच गावची, हे माझ्या लक्षात होतं. तरी सांगितलं. पोटात राहिलं नाही, हेच खरं.

आठवड्याभरानं गावात भडका उडाला. पोलीस पाटलांची सून माप द्यायला दुकानात गेली होती, बरोबर सासू. गजाननभाऊंनी टेप लावला, आकडा वाचायला डावा डोळा मिटला, तसाच मिटलेला ठेवून मान वर केली आणि विचारलं, “गळा मोठा ठेवाचा का लहान?” मग काय! सासूनं तिथंच आरडाओरडा केला. फाट्यावरची सगळी माणसं जमा झाली. कोणी म्हणालं, ‘माह्या पोरीलेबी असंच केलं होतं.’ कोणी म्हणालं, ‘दवाखान्यातल्या म्याडमलेबी मारला म्हणते, सिस्टर सांगून राह्यलती.’ म्हणजे माझी साक्षही परस्पर झाली.

प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीसमोर गेलं. गावातले तंटे गावातच मिटवायची ही समिती, अध्यक्ष, सहा-सात सदस्य, सगळे पुरुष. गजाननभाऊ म्हणाले, “मले एकाच्या दोन दिसते जी.” मागून कोणीतरी ओरडलं, “म्हून काय दोघींलेबी मारतं का?” सभा हसून लोळली. मग गजाननभाऊंनी खिशातून माझा कागद काढला. बिचाऱ्याला वाटलं, दवाखान्यात जाऊन आलो हाच पुरावा. अध्यक्षांनी कागद उलगडून मोठ्यानं वाचला, “डोळे नॉर्मल.” वर माझा गोल शिक्का. अध्यक्ष म्हणाले, “म्हंजे डोळे चांगले असून मारून राह्यला!”

गजाननभाऊंनी कागद घडी घालून परत खिशात ठेवला. ठरलं असं की त्यांनी चारचौघांत हात जोडून माफी मागायची, नाहीतर गावातली एकही बाई त्यांच्याकडे कापड टाकणार नाही. “जे केलंच नाही त्याची माफी कायले मांगू?” एवढं घरी जाताना म्हणाले म्हणे. ऐन लग्नसराईत अर्धवट शिवलेले ब्लाउज बायका पिशवीत कोंबून परत घेऊन गेल्या. मशीनवर कापड झाकलं गेलं. पुष्पाताई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, त्यांनी फक्त बोलणं टाकलं. ताट वाढायच्या आणि आत निघून जायच्या.

हे सगळं मला सांगितलं सलीमभाईंनी. सलीमभाई म्हणजे त्याच फाट्यावरचे गॅरेजवाले, टेलरच्या दुकानाला लागूनच त्यांचं शटर. एका सोमवारी ते गजाननभाऊंना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले, हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवलं. गजाननभाऊ जमिनीकडे बघत होते. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण खालच्या काजात. टेलरच्या शर्टाचं बटण! तेवढं बघूनच मला कळायला हवं होतं.

“म्याडम, याचे डोळे फिरून चेक करा.”

“केलेत ना. सिक्स बाय सिक्स आहेत,” मी फणकाऱ्यानं म्हटलं. अजून राग गेला नव्हता.

“थे मले मालूम हाय. हा म्हणते, मशीन विकतो अन् पुण्याले साळ्याकडे वॉचमन बनतो. तीस साल झाले, आमची दिवार एक हाय म्याडम. ह्या माणसानं माह्या घरच्या बायकांचे कपडे शिवले, कधी नजर वर नाही केली. हा डोळा मारन का? आता माहं ऐका. एक टेम्पो आला माह्याकडे. दोनी हेडलाइट चालू. एक बंद करून दुसरा पाह्यला, फस्क्लास. दुसरा बंद करून पहिला पाह्यला, फस्क्लास. पण दोनी संगं लावले तं भितीवर दोन गोल पडते, एक इकडे, एक तिकडे. ठोकर लागलती, क्लॅम्प ढिला झालता. बल्बाले काहीच नाही झालं. तुमी बल्ब चेक केले. फोकस चेक केला का?”

माझा फणकारा तिथंच उतरला.

कारण फोकस तपासायला मला शिकवलं होतं. ट्रेनिंगमध्ये, पहिल्याच वर्षी. त्याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही, एक पेन लागतं आणि दोन मिनिटं. मोतीबिंदूच्या याद्यांमध्ये ते कधी सुटलं, मलाच कळलं नाही. मी खिशातलं पेन काढलं आणि म्हटलं, “गजाननभाऊ, दोन्ही डोळे उघडे ठेवा. झाकू नका. या टोकाकडं बघा.”

पेन हळूहळू त्यांच्या नाकाकडे न्यायला लागले. धड माणसाचे दोन्ही डोळे पेनाच्या मागोमाग आत वळत येतात, नाकापासून चार बोटांवर येईपर्यंत टोक एकच दिसतं. गजाननभाऊंचं पेन अजून हातभर लांब होतं, आणि त्यांचा डावा डोळा सुटला. उजवा टोकावर टिकून राहिला आणि डावा सरकत सरकत कानाकडे निघून गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

“आता दोन झाले,” ते म्हणाले, आणि सवयीनं डावा डोळा मिटला. “आता एक.”

समजलं ना काय झालं होतं? डोक्याला मार बसला की प्रत्येक डोळा आपापल्या जागी ठणठणीत राहू शकतो. बिघडतं ते दोघांचं एकमेकांशी जमणं. जवळचं बघताना दोघांनी मिळून आत वळायचं असतं, ते जमत नाही, मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोकं ठणकतं, अक्षरं नाचतात. हे स्कॅनमध्ये दिसत नाही. पुष्कळांचं काही आठवड्यांत आपोआप सुधारतं, काहींचं नाही. आणि एक डोळा मिटला की त्रास तेवढ्यापुरता गायब. आता माझी शहाणपणाची पद्धत बघा. मी पेशंटला खुर्चीत बसवून पहिलं काय सांगत होते? एक डोळा झाका. म्हणजे ज्या एका गोष्टीनं आजार लपतो, तीच मी आधी करून घेत होते आणि मग म्हणत होते, आजार कुठंय? ह्याला इतक्या वर्षांचा अनुभव म्हणायचं.

आणि त्यांनी मला डोळा मारला नव्हता. माझ्या दोन तोंडांतलं एक त्यांनी बंद केलं होतं.

मला इतकी शरम वाटली की मी सलीमभाईंकडे बघू शकले नाही. गजाननभाऊंना त्याच दिवशी चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण दोन दिसण्याची इतरही कारणं असतात आणि त्यातली काही वाईट असतात. पुन्हा अर्धवट तपासणी करायची माझी हिंमत नव्हती. तिथून तेच निदान आलं, मेंदूत काही नाही, डोळ्यांचे व्यायाम द्या.

पण व्यायामानं डोळा सुधारला असता, गावाचं काय? तिथं माझा शिक्का बसला होता. मी अध्यक्षांना फोन केला, म्हटलं, सभा बोलवा, बायकांनाही बोलवा. ते म्हणाले, “कायले म्याडम, मिटलं ते.” मी म्हटलं, “नाही मिटलं. मी येते आहे.”

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एका बाजूला समिती आणि पुरुष, समोर बाया. गजाननभाऊ दाराजवळ उभे, पुष्पाताई बायांमध्ये सगळ्यात मागे. मी उभी राहिले. भाषण पाठ करून गेले होते, ते विसरले. “तो कागद वाचला होता ना तुम्ही? तो चुकीचा आहे. चूक माझी आहे. मी नीट तपासलं नाही, आणि वर सिस्टरजवळ चुगली केली. गजाननभाऊंनी माफी मागायची नाही, मी मागते,” एवढं बोलून मी सगळ्यांसमोर त्यांना हात जोडले. हॉलमध्ये कुजबुज. पाटलांची बायको, तीच सासू, म्हणाली, “नवे नवे रोग काढतेत. दोन दिसते म्हणे!”

मी म्हटलं, “तुम्हालाही दिसतील. आत्ता. सगळ्यांनी एक बोट नाकासमोर धरा, वीतभर अंतरावर. बोटाकडे नाही, समोर लांब बघा. समितीनं समोर बायांकडे बघा, बायांनी समितीकडे. बोटं किती दिसतात?”

“आ बाप्पा! दोन!” अध्यक्षच ओरडले. तुम्हीही करून बघा, दिसतात. आपलं डोकं दिवसभर हे दुसरं बोट-बिट काणाडोळा करून बाजूला टाकतं, म्हणून आपलं भागतं.

“हं. आता हे दोन दिसणं तुम्हाला नकोय. बोट एकच दिसायला हवंय. काय कराल?”

सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, एक डोळा मिटला. अध्यक्षांनी, पोलीस पाटलांनी, सगळ्या सदस्यांनी. अख्खी तंटामुक्ती समिती समोर बसलेल्या बायांना एकदिलानं डोळा मारत होती.

मी म्हटलं, “अध्यक्षसाहेब, पाटलीणबाईंना डोळा मारायला तुम्हाला लाज नाही वाटत?”

पहिली हसली ती पाटलांची सून. मग बाया अशा हसायला लागल्या की दोघी-तिघींनी पदरानं डोळे पुसले. अध्यक्षांचं बोट अजून नाकासमोरच होतं. पाटलीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आजही ब्लाउज यवतमाळला शिवतात, ते जाऊ द्या. ठराव झाला की दुकान उघडावं. तोंडी झाला, पण झाला. सलीमभाई दाराशी उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

मी चप्पल घालत होते तेव्हा पुष्पाताई जवळ आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड उघडलं असावं.

“म्याडम, एक सांगा मले. तुमाले मारला. पाटलाच्या सुनेले मारला. गावातल्या कोण्या कोण्या बायांले मारला. मंग मले काहून नाही मारला एकदाबी? मी तं त्याच घरात राहतो.”

मी तज्ज्ञाच्या तोऱ्यात पटकन बोलून गेले, “ताई, हे फक्त हातभर अंतराच्या आत होतं. त्यापेक्षा लांबचं त्यांना सगळं एकच दिसतं.”

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. अपघात होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. “हातभर,” पुष्पाताई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी दोघं बरोबर आले. व्यायाम सांगायचा होता. दीड-दोन मीटर दोरा घ्यायचा, त्यात तीन रंगांची तीन बटणं ओवायची, एक जवळ, एक मध्ये, एक लांब. दोऱ्याचं एक टोक स्वतःच्या नाकाला लावायचं, दुसरं खिडकीला बांधायचं आणि पाळीपाळीनं एकेका बटणाकडे बघायचं. बटण एक दिसलं पाहिजे आणि दोरा मात्र त्या बटणावर एकमेकांना छेदून जाणारे दोन दिसले पाहिजेत. गजाननभाऊ पहिल्यांदा हसले. “दोऱ्यात बटणं! हे तं माह्यंच काम हाय जी.” मी म्हटलं, खिडकीला बांधा. पुष्पाताई म्हणाल्या, “खिडकी कायले? मी धरतो ना.” त्यांनी माझ्या खोलीतच दोऱ्याचं टोक धरलं आणि नवऱ्यासमोर स्टुलावर बसल्या. “पाहा इकडे. लालवालं किती हाय?”

“दोन.”

“अजून पाहा. मी कुठी जाऊन नाही राह्यली.”

त्या रोज दोन वेळा दोरा धरायच्या, असं सलीमभाई सांगायचे. दुकानात, शटर उघडं ठेवून.

मधल्या काळात मी एक काम केलं, त्याचा मला अजून त्रास होतो. जुनी रजिस्टरं काढली आणि ‘डोक्यास मार’ म्हणून आलेली नावं बघत बसले. पुष्कळांसमोर माझ्या सुबक अक्षरात ‘डोळे नॉर्मल’. ज्यांचे फोन लागले त्यांना बोलावलं, काही आले, त्यातले बहुतेक आपोआप बरे झाले होते, दोघांना व्यायाम द्यावा लागला. एक नाव होतं वर्षा, नववीतली पोरगी. शाळेत पायऱ्यांवरून पडली होती आणि अक्षरं पळतात म्हणत होती. तिच्यासमोर मी दोन शब्द जास्तीचे लिहिले होते, ‘अभ्यासाचा कंटाळा’. तिचा फोन लागला नाही. गावात विचारलं तर कुटुंब कामाला बाहेर गेलं होतं, पोरीनं शाळा सोडली होती. तिनं शाळा माझ्यामुळे सोडली की नाही, मला माहीत नाही. पण तिच्या बापानं तो कागद वाचला असणार. वर्षा, तू कुठं असशील आणि हा अंक हाती आला, तर बेटा, तू खोटं बोलत नव्हतीस.

नंतरची जेवढी वर्षं नोकरी उरली, त्यात डोक्याला मार लागलेला प्रत्येक माणूस मी आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासला. वाचता वाचता ओळ सुटते का, बसमध्ये, बाजारात गरगरतं का, सुई किती दिसतात, सगळं विचारायचं. पेन नाकाकडे न्यायचं. नंतर तक्ता. नव्या डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं, “मॅडम, पेननं काय तपासता?” मी म्हटलं, “क्लॅम्प.” आणि तुम्हालाही सांगून ठेवते, घरात कोणाला मुका मार लागला आणि उलट्या झाल्या, गुंगी आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर माझ्यासारखीकडे अजिबात जाऊ नका, तडक मोठा दवाखाना गाठा.

गजाननभाऊंची शेवटची तपासणी दोनेक महिन्यांनी झाली. दाढी केलेली, शर्टाची बटणं आपापल्या काजात. पुष्पाताई मागे उभ्या. मी पेन धरलं. हातभर, वीतभर, अर्धी वीत. दोन्ही डोळे पेनाच्या मागोमाग आत आत येत गेले. चार बोटांवर पेन थांबवलं तरी डावा सुटला नाही. पेन बाजूला ठेवलं, पुन्हा घेतलं, पुन्हा तपासलं. मला खात्री करून घ्यायची होती. सुई-दोरा दिला, त्यांनी एका झटक्यात ओवला. जी होती तिच्यातच.

“झालं, गजाननभाऊ. आता एकही डोळा मिटायची गरज नाही.”

“नाही जी. आता नाही मिटत.”

ते उठले. दारापर्यंत गेले, पुष्पाताई त्यांच्या बाजूला, खांद्याला खांदा. दारात थांबून त्यांनी बायकोकडे बघितलं, हातभरसुद्धा अंतर नव्हतं, आणि दोन्ही डोळे ठणठणीत असताना, रांगेतल्या चाळीस माणसांसमोर, निवांतपणे डावा डोळा मारला.

“अवं माय! लाज हाय का तुमाले?” पुष्पाताईंनी हातातली पिशवी त्यांच्या पाठीत हाणली आणि तोंडाला पदर लावून पुढे पळाल्या. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते.

मी केसपेपर ओढला आणि लिहिलं, ‘डोळे नॉर्मल’. वर शिक्का.